प्योसाहेबांच्या गुलाबी फिती

डोंगरातली वाट निवडणं ही जोडीदार निवडण्यापेक्षा मोठी जबाबदारी आहे, असं प्यो जोंगगिल यांचं पूर्ण विचारांती बनलेलं मत होतं. जोडीदार चुकला तर एकाच माणसाचं नुकसान होतं. वाट चुकली तर बेचाळीस माणसांचं, शिवाय खाली ताटकळणाऱ्या बसवाल्याचं. हे मत त्यांनी एकदा सकाळच्या न्याहारीला बायकोसमोर मांडलं. पुढचे चार दिवस घरात तिन्ही त्रिकाळ मुळ्याचं सार झालं, आणि प्योसाहेबांनी आपल्या विचारांतून जोडीदाराचा उल्लेख कायमचा वगळला.

प्योसाहेब गेल्या वर्षीपर्यंत सिमेंटच्या पिशव्या बनवणाऱ्या कंपनीत विभागप्रमुख होते. एकतीस वर्षं त्यांना कुणी नावाने हाक मारली नव्हती. आई गेल्यापासून ते नाव वापरातच नव्हतं म्हणा ना. सगळे म्हणत, ‘विभागप्रमुख’. बाजारातली मासेवालीसुद्धा म्हणायची, ‘विभागप्रमुख, बांगडा ताजा आहे.’ निवृत्तीच्या दिवशी घड्याळ मिळालं, फुलं मिळाली, आणि ती हाक मात्र कंपनीने ठेवून घेतली. दुसऱ्याच आठवड्यात वसाहतीचा पहारेकरी त्यांना म्हणाला, “बाराशे चारवाले आजोबा, बाटल्यांचा कचरा गुरुवारी टाकायचा.”

प्योसाहेब एकसष्ट वर्षांचे होते. त्यांना नातू नव्हता. कुत्रंही नव्हतं.

म्हणून हानबित वसाहतीच्या डोंगर मंडळाचे कप्तान कू बोन्सिक यांनी गुडघ्यापायी पद सोडलं, तेव्हा सभेत प्योसाहेबांचा हात इतक्या वेगाने वर गेला की शेजारच्या बाईंचा चहा सांडला. कप्तान! पहारेकरी कूसाहेबांना अकरा वर्षं ‘कप्तान’ म्हणत आला होता, आणि बाटल्यांच्या कचऱ्याबद्दल त्यांना त्याने कधी एक शब्द ऐकवला नव्हता. पण मंडळाचा रिवाज कडक होता. नवा कप्तान पहिली मोहीम पार पाडेपर्यंत नुसता प्रभारी. मोहीम संपल्यावर मंडळी टाळ्या वाजवून त्याचं नाव कायम करायची. किंवा वाजवायची नाहीत. एका प्रभारी गृहस्थांसाठी टाळ्या वाजल्या नव्हत्या; ते पुढे वसाहत सोडून गेले, असं म्हणत.

पहिली मोहीम म्हणजे मार्चमधली पूजेची. वर्षभर कुणाचा घोटा मुरगळू नये म्हणून डोंगरदेवाला साकडं घालायचं, हसऱ्या चेहऱ्याचं डुकराचं मुंडकं मांडायचं, तांदळाची दारू शिंपडायची आणि उरलेली प्यायची. शिंपडण्यापेक्षा उरते जास्त.

प्योसाहेबांनी ठरवलं की आपण कूसाहेबांसारखं दरवर्षी त्याच टेकडीवर जायचं नाही. आपण रांग निवडायची. एका शिखरावरून दुसऱ्या शिखरापर्यंत डोंगराच्या कण्यावरून जाणारी वाट. त्यांनी मोठा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. पंधरा दिवस घरातली माणसं, म्हणजे ते आणि त्यांची बायको ओखी, जमिनीवर बसून जेवली.

ही बातमी पसरताच सल्लागारांची रांग लागली. किंबापचं, म्हणजे भाताच्या वळकट्यांचं, दुकान चालवणाऱ्या रा काकू मंडळाच्या खजिनदार होत्या आणि त्यांचं म्हणणं मंडळात शेवटचं असे. त्या म्हणाल्या, “रांग हवीच. पण चढ नको.”

“काकू, रांगेवर जायला चढावं तर लागणारच.”

“ते तुम्ही बघा. कप्तान कशाला केलंय तुम्हाला? आणि दरी दिसली पाहिजे, पण खाली बघायला लागता कामा नये. मला गरगरतं.”

नवव्या मजल्यावरच्या जोडप्याला शिखरावर नाव कोरलेला दगड हवा होता. दगडाशेजारी फोटो नसेल तर मुलगा परदेशातून विचारतो, ‘बाबा, नक्की गेला होतात ना?’ दोघांना उतरल्याबरोबर बदकाची भाजी मिळायला हवी होती. एकाला गरम पाण्याचं स्नानगृह हवं होतं, आणि ते जवळ असेल तर डोंगर रद्द केला तरी त्याची हरकत नव्हती. कूसाहेब फक्त मंद हसत म्हणाले, “निवडा, निवडा. फक्त पार्टटाइम करायला लावू नका म्हणजे झालं.”

वाट चुकण्याला तिथले डोंगरवाले ‘पार्टटाइम नोकरी’ म्हणतात. घाम तेवढाच गळतो, पण अनुभवात धरत नाहीत.

शेवटी प्योसाहेबांनी ओसोरीबोंग ते शिरुबोंग ही रांग निवडली. बस साडेतीनशे मीटर उंचीपर्यंत नेऊन सोडत होती, म्हणजे रा काकूंचा चढ बसच्या खात्यात गेला. पलीकडे उतरलं की बदक होतं. एकच बारीक अडचण होती. वणव्याच्या भीतीने फेब्रुवारी ते मे डोंगर बंद असतात, आणि ही रांग नेमकी दोन तालुक्यांची हद्द होती. दक्षिणेच्या तालुक्याने आपला उतार खुला ठेवला होता, उत्तरेच्या तालुक्याने बंद.

प्योसाहेबांनी उत्तरेच्या वन कचेरीत फोन लावला.

“रांग बंद आहे की खुली?”

“आमची बाजू बंद आहे,” कारकून म्हणाला.

“पण मी रांगेबद्दल विचारतोय. अगदी वरचा माथा.”

“माथा म्हणजे हद्द. हद्द ही रेषा असते, साहेब. रेषेला रुंदी नसते.”

“पण माझ्या बुटाला आहे.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “मग दोन्ही बूट दक्षिणेला ठेवून चालावं.”

दक्षिणेच्या कचेरीने आनंदाने परवानगी दिली, पण पूजेच्या साहित्याची यादी मागितली. तिथल्या बाईंनी यादीवर एकेक शेरा मारला. मेणबत्त्या चालणार नाहीत, बॅटरीच्या आणा. उदबत्ती नाही. “आणि हे मुंडकं… ज्वलनशील आहे का?”

“उकडलेलं आहे,” प्योसाहेब म्हणाले.

“मग ‘अन्नपदार्थ’ लिहिते.”

एवढं झाल्यावर कुणीही शहाणा माणूस स्वस्थ बसला असता. पण कप्तानाने आधी जाऊन वाट पाहून यायची असते आणि वळणावळणावर मंडळाच्या नावाच्या फिती झाडांना बांधायच्या असतात. फितीशिवाय वाट म्हणजे पाटीशिवाय दुकान. प्योसाहेबांनी फिती छापून घेतल्या. चकचकीत गुलाबी, वर ‘हानबित वसाहत डोंगर मंडळ’, आणि खाली, मंडळाच्या नावापेक्षा किंचित मोठ्या अक्षरांत, ‘कप्तान प्यो जोंगगिल’. छापखानेवाला पाचशेच्या खाली छापत नव्हता. पाचशे फिती घरात असल्या की माणसाच्या मनाचं काय होतं, हे ज्याच्या घरात कधी पाचशे फिती नव्हत्या त्याला कळायचं नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ते आणि ओखी निघाले. प्योसाहेबांच्या अंगावर असं जाकीट होतं की त्यात माणूस बर्फाच्या वादळात आठवडाभर तग धरेल. ओखीने रोजचाच स्वेटर घातला होता. पहिल्या अर्ध्या तासात प्योसाहेब घामाने निथळले आणि त्यांनी चाळीस फिती बांधल्या.

“अहो, दर दहाव्या झाडाला कशाला?” ओखी म्हणाली. “सरळ तर वाट आहे.”

“लोकांना धीर वाटतो.”

“लोकांना की तुम्हाला?”

तिसऱ्या उंचवट्यावर रांग अचानक डावीकडे वळते. नकाशात तसं स्पष्ट आहे. पण प्रत्यक्षात डावीकडे कमरेइतकं बुटकं बांबूचं रान होतं आणि त्यात जेमतेम मांजराला जाता येईल एवढी फट. समोर मात्र रुंद, ऐसपैस, पाइनच्या सुया पसरलेली सोंड उतरत गेली होती. अगदी विभागप्रमुखाने उतरावी अशी.

“डावीकडे दाखवलंय ना पण?” ओखी म्हणाली.

“नकाशा कागदावर असतो, ओखी. डोंगर जमिनीवर असतो. वाचता यावा लागतो.”

प्योसाहेबांनी डोंगर वाचला आणि समोरच्या सोंडेला साठ फिती बांधत ते तासभर उतरले. सोंड संपली ती मधमाश्यांच्या पेट्यांत. त्यामागे मिरचीचं मोकळं रान, एक भुंकणारं पांढरं कुत्रं, आणि फावडं घेतलेला एक म्हातारा.

“आवं, कुठनं आला?” म्हातारा ओरडला. “हिकडनं माणूस येत न्हाई, रानडुक्कर येतंय!”

“मग यांचं अगदीच काही चुकलं नाही,” ओखी म्हणाली.

म्हाताऱ्याचं आडनाव बान. त्याने प्योसाहेबांच्या हातातली फीत घेतली, लांब धरून वाचली, आणि फावडं खाली ठेवलं. “कप्तान हाय व्हय तुमी? मग बसा की कप्तान. पाणी प्या. बस साडेचारला हाय, कप्तान.”

तीन वेळा. वर्षभरात पहिल्यांदा कुणी त्यांना पदाने हाक मारली होती, आणि तीही तीन वेळा. प्योसाहेबांना ते पाणी दारूसारखं चढलं. बसमध्ये ओखी म्हणाली, “उद्या येऊन त्या साठ फिती काढून टाका,” तेव्हा ते खिडकीबाहेर बघून हसत होते.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ऊन होतं, पण आपली चूक खोडायला पुन्हा तीन तास चढायचं हे त्यांच्या गुडघ्यांना पटेना, आणि गुडघ्यांचं ते हल्ली फार ऐकत. शिवाय पुढे तेच असणार होते. त्या उंचवट्यावर आपण हात वर करायचा, मंडळी डावीकडे वळवायची, बस. फिती काय, वाऱ्याने उडून जातात.

तीन आठवड्यांनी बस भरून बेचाळीस माणसं निघाली. मुंडकं रा काकूंनी स्वतः बाजारात अकरा मुंडकी हसवून निवडलं होतं. ते कुणी वाहायचं असा प्रश्न निघाला तेव्हा कूसाहेब म्हणाले, “कप्तानाने. परंपराच आहे.” अशी परंपरा नव्हती. पण प्रभारी माणसाने परंपरेबद्दल वाद घालू नये. प्योसाहेबांनी मुंडकं पाठीवरच्या पिशवीत बसवलं. दोन्ही कान बाहेर राहिले, आणि मागून चालणाऱ्या रा काकूंना दिवसभर वाटत राहिलं की कप्तान आपल्याकडे बघून हसतायत.

पहिले दोन उंचवटे झकास गेले. बूट दक्षिणेला, दरी उत्तरेला, रा काकू डोळे मिटून. मग तिसरा उंचवटा आला, आणि प्योसाहेबांचा वर केलेला हात वरच राहिला.

समोरच्या सोंडेवर त्यांची गुलाबी फीत फडकत होती. तिच्याशेजारी एक निळी. एक पिवळी. कुठल्याशा शाळेच्या सत्ताविसाव्या तुकडीची, कुठल्या चर्चच्या गायकमंडळाची, बँकवाल्यांची, आणि एक दातांच्या दवाखान्याची, जिच्यावर दाढेचं चित्र होतं. झाडाला पालवी फुटायला अजून महिना होता, पण ते झाड बहरलं होतं. तीन आठवड्यांत निदान सतरा मंडळं प्योसाहेबांच्या फितीवर विश्वास ठेवून खाली उतरली होती. आणि प्रत्येकाने पुढच्याला धीर यावा म्हणून आपली फीत बांधली होती.

“वा!” कूसाहेबांच्या तोंडून नकळत निघालं. “एवढी मंडळं इथून गेली?”

“मंडळी,” प्योसाहेब घसा खाकरून म्हणाले, “आपण डावीकडे जायचंय.”

बेचाळीस जणांनी डावीकडे पाहिलं. बांबूचं रान वाऱ्यावर सळसळलं.

“डावीकडे एक तरी फीत दाखवा,” रा काकू म्हणाल्या.

प्योसाहेबांनी खिशातून फीत काढली आणि बांबूला बांधली. “ही घ्या.”

“ही तर तुम्ही आत्ता बांधलीत!”

“तीही मीच बांधलीय, काकू.”

“ती विचार करून बांधली असणार. ही आमच्यावर चिडून बांधलीय. फरक कळतो मला, दुकान चालवते मी.”

प्योसाहेबांनी ओखीकडे पाहिलं. ओखी दाढेचं चित्र न्याहाळत होती. खरं सांगावं, तर कप्तानपद इथेच, झाडाखाली, मुंडक्यासकट उतरवून ठेवावं लागणार. सांगू नये, तर बेचाळीस माणसं मधाच्या पेट्यांत. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आणखी एक मंडळ आलं, साठ-सत्तर माणसं, पुढे शिट्टीवाला. “काय ओ, वाट अडवून काय उभे? फिती दिसत नाहीत?” शिट्टीवाला ओरडला, आणि त्या लोंढ्याने हानबित मंडळाला सोंडेवरून खाली ढकलत नेलं. प्योसाहेबांनी स्वतःला समजावलं की आपण गप्प बसलो नाही, आपल्याला बोलू दिलं गेलं नाही. निवृत्त माणसाला असे फरक झटकन कळतात.

सोंडेच्या टोकाशी मधाच्या पेट्या नव्हत्या. मिरचीचं रानही नव्हतं. तिथे निळं ताडपत्रीचं छप्पर होतं, पंधरा-वीस टेबलं होती, कांद्याच्या पातीच्या धिरड्यांचा वास सुटला होता, आणि एका माणूसभर उंचीच्या दगडाशेजारी फोटोसाठी रांग लागली होती. दगडावर रंगाने लिहिलं होतं, ‘नवी रांग, मुख्य शिखर, १८० मीटर’. बसने त्यांना सकाळी सोडलं त्या जागेपेक्षा हे शिखर एकशे सत्तर मीटर खाली होतं. नवव्या मजल्यावरचं जोडपं धावत जाऊन फोटोच्या रांगेत उभं राहिलं.

“आलं! गुलाबी कप्तान आलं!” बान म्हातारा उलथनं हलवत ओरडला. “आवं, तुमच्या फितीनं सोनं केलं माझं! बसा! कप्तानाला पयलं धिरडं!”

साऱ्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. रा काकूंनी कौतुकाने पाहिलं. कूसाहेबांचा चेहरा पहिल्यांदाच गुडघ्यासारखा दुखरा दिसू लागला. चढ नाही, खाली बघणं नाही, दगड आहे, धिरडी आहेत! मंडळाच्या इतिहासात बहुतेक सगळ्या मागण्या पुऱ्या करणारी ही पहिलीच मोहीम होती. प्योसाहेबांना वाटलं, कदाचित आपण डोंगर बरोबरच वाचला होता. नकाशालाच वाचता येत नव्हतं.

पूजा मांडली. बॅटरीच्या मेणबत्त्या लागल्या. हसरं मुंडकं टेबलावर बसलं. बेचाळीस माणसं गुडघ्यांवर वाकली, नव्या कप्तानाने दारूचा प्याला उचलला, “हे डोंगरदेवा,” ते म्हणाले, आणि शिट्टी वाजली.

नारिंगी जाकीट घातलेल्या वनरक्षक बाई हातात कागद लावलेली पाटी घेऊन उभ्या होत्या. “सगळ्यांनी आहात तिथेच थांबा. हा उत्तरेचा तालुका आहे. डोंगर बंद आहे.”

“आम्ही रांगेवर आहोत,” वाकलेल्या अवस्थेतच प्योसाहेब म्हणाले. “दोन्ही बूट दक्षिणेला.”

“रांग ती आहे, साहेब,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी वर बोट दाखवलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. फार वर, फार लांब, उन्हात झगझगत शिरुबोंगची रांग पसरली होती. एकाही झाडाला फीत नव्हती. तिच्यावर चिटपाखरू नव्हतं.

“म्हणजे हे सगळं…” कूसाहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, “पार्टटाइम?”

साऱ्या टेबलांवरची माणसं आपापल्या धिरड्यांत डोकी घालून बसली. वनरक्षक बाईंनी जवळच्या झाडावरच्या फिती एकेक करून उलटल्या. “पहिली कुणाची? याला जबाबदार कोण?”

सगळ्या फिती फडफडत होत्या. नेमकी कुणाची पहिली हे सिद्ध करणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. बान म्हातारा धिरड्यांकडे तोंड करून उभा राहिला. ओखीने प्योसाहेबांकडे पाहिलं, आणि या वेळी मात्र तिने नजर काढली नाही.

प्योसाहेबांनी प्याला खाली ठेवला आणि ते उठले. गुडघ्यांतून कडकड आवाज आला, तेवढाच काय तो.

“मी,” ते म्हणाले. “पहिली माझी. तीन आठवड्यांपूर्वी वाट चुकलो, वर साठ फिती बांधल्या. बायको काढा म्हणाली, मी काढल्या नाहीत. चूक डोंगराची नाही, या लोकांची नाही.”

कूसाहेबांनी सभोवार पाहिलं. “मंडळी, ऐकलंत ना? अकरा वर्षांत माझ्याकडून—”

“अकरा वर्षांत तुम्ही आम्हाला एकदा धरणात उतरवलं होतं, कूसाहेब!” रा काकू उसळल्या. “वर म्हणालात, पाणी जागा चुकलंय! हा माणूस कबूल तरी करतो. मला कबूल करणारा कप्तान हवा. वाट काय, फितीवरून पण सापडते!”

आणि रा काकूंनी टाळी वाजवली. मग नवव्या मजल्याने. मग स्नानगृहवाल्याने. मग बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी, कूसाहेबांनीही, हात न लावता लावल्यासारखी. पलीकडच्या मंडळाचा शिट्टीवाला भारावून उभा राहिला आणि त्याने शिट्टी वाजवली. “कप्तान! कप्तान!” सगळी टेबलं गर्जू लागली. ओखीने डोळ्यांना रुमाल लावला. ती हसत होती की रडत होती हे तिलाही सांगता आलं नसतं. प्योसाहेबांनी मान ताठ करून जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

“जबाब लिहून घ्यावा लागेल,” वनरक्षक बाई गलक्यातून ओरडल्या. “नाव?”

“प्यो जोंगगिल.”

“व्यवसाय?”

“कप्तान!” बेचाळीस माणसं एका सुरात म्हणाली.

“तसं लिहिता येत नाही,” बाई म्हणाल्या. “पाच चौकटी आहेत. शेती, नोकरी, धंदा, गृहिणी, बेकार.”

प्योसाहेबांनी कागद हातात घेऊन पाचही चौकटी नीट वाचल्या, मागची बाजूही पाहिली. मग कागद परत केला.

बाईंनी पाचव्या चौकटीत खूण केली.